डिंभकाला हवे खारे पाणी

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी जळगाव-धुळ्याच्या शेततळ्यात वाढवली, तर ती अंडी धरते, पण पिल्ले जगत नाहीत. दोष तळ्याचा नाही. क्रिल हा समुद्री जीव अंड्यातून नॉप्लियस या पहिल्या डिंभकरूपात निघतो; ही कोळंबी ती अवस्था अंड्यातच उरकून थेट झोइया हे पुढचे डिंभकरूप घेऊन बाहेर पडते. झोइयाच्या 11 अवस्थांना निमखारे पाणीच लागते. गोड्या पाण्यात डिंभक काही दिवसांत मरतात. कुणी म्हणेल, लहान कोळंब्यांच्या काही जाती नदीतच वाढतात की! वाढतात, पण त्या मोजकी, मोठी अंडी घालतात आणि बहुतेक अवस्था त्यांतच पार पाडतात. मोठीला खाडी गाठावीच लागते, आणि खाडीकडे जाणाऱ्या तापी नदीवर 1972पासून उकाई धरणाची भिंत उभी आहे. खानदेशातल्या तळ्याला बीज हॅचरीतूनच आणावे लागते ते यामुळे.