साधी ईमेल की सजवलेली?

मंडळी, राजगडावर जाणाऱ्यांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय तुम्ही गुंजवण्यात करता. जुन्या पाहुण्यांना पावसाळ्याआधी ईमेल पाठवायची, तर ती साध्या मजकुराची असावी की एचटीएमएलमधली, म्हणजे रंग, फोटो, बटणं असलेली?

बऱ्याचदा होतं काय, आपण डीटीपीवाल्याकडून छान पत्रक करून घेतो आणि त्याचाच फोटो ईमेलमध्ये टाकतो. दर, फोन नंबर, चोरदरवाज्याची वाट, सगळं फोटोत. आता पाहुणा एसटीत बसलाय, रेंज नाही. फोटो उघडलाच नाही, तर त्याच्या हाती काय? कोरा चौकोन!

युनिकोडमधल्या मराठीत एका चिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे हजार चिन्हांचं पत्र ३ केबीचं. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज त्याच्या हजारपट भरतो.

म्हणून एचटीएमएल वाईट, असं नाही. खोल्या दाखवायच्या तर फोटो हवेतच. पण कामाची माहिती अक्षरांत लिहा. एकाच ईमेलमध्ये साधं आणि सजवलेलं, दोन्ही रूपं पाठवता येतात. वाचणाऱ्याचं ॲप त्याला जमेल ते दाखवतं. शिवाय एचटीएमएल १०२ केबीच्या पुढे गेलं, की जीमेल उरलेलं झाकून ठेवतं. तेव्हा नंबर वरच लिहा.

शेवटी एकच करा. ईमेल आधी स्वतःला पाठवा आणि फोटो बंद ठेवून वाचा. दर, नंबर, वाट कळली? मग खुशाल पाठवा.