चिमुकल्या बंदुकांना वेसण

ऑस्ट्रियाचे ग्लॉक 18 हे मशीन पिस्तूल दिसायला पोलिसांच्या कमरेच्या साध्या पिस्तुलासारखेच. फरक आहे तो स्लाइडवरच्या छोट्या खटक्याचा. तो फिरवून चाप दाबून धरला, की मिनिटाला सुमारे 1200 या वेगाने गोळ्या सुटतात. 17 गोळ्यांचे मॅगझीन सेकंदाच्या आत रिकामे होते. पण प्रत्येक हादऱ्यासरशी नळी वर उचलली जाते. पहिली गोळी नेमकी बसली, तरी पाचवी-सहावी कुठे जाईल याचा भरवसा उरत नाही. आसपास निरपराध माणसे असतील, तर हा त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

इवल्या बंदुकीतून धडाधड गोळ्या सोडणे तुलनेने सोपे. खरे कसब लागते ते तिला आवरायला.

या जातीच्या बहुतेक बंदुकांत काडतुसामागे एक वजनदार बोल्ट असतो. नळीतला दाब ओसरेपर्यंत काडतूस जागेवर धरण्याचे काम त्याच्या वजनावर आणि स्प्रिंगवर चालते. बंदूक लहान केली की बोल्ट हलका होतो, त्याची धाव आखूड होते आणि गोळीबाराचा वेग बेफाम वाढतो. 1918 मध्ये जर्मन सैनिकांनी खंदकांत वापरलेली एमपी 18 चांगली चार किलोंहून जड होती. तिला ही अडचण आली नाही.

इस्रायलच्या उझिएल गाल यांनी बोल्टचा पुढचा भाग पोकळ ठेवून तो पेनाच्या टोपणासारखा नळीवर चढवला आणि मॅगझीन मुठीत बसवले. ही युक्ती चेकोस्लोव्हाकियात आधीच वापरात आली होती. बोल्टचे वजन टिकले, लांबी घटली आणि 1950च्या दशकात इस्रायली सैन्यात आलेली ‘उझी’ मिनिटाला 600च्या आसपास राहिली.

चेक बनावटीच्या ‘स्कॉर्पियन’ने त्याहून सुंदर तोड काढली. 1961च्या या शस्त्राचे वजन जेमतेम सव्वा किलो, काडतूसही कमी ताकदीचे. मागे आलेला बोल्ट तिथेच एका आकड्यात अडकतो. तेवढ्यात मुठीतले छोटे वजन खाली जाऊन परत वर येते आणि आकडा सोडवते. क्षणाच्या या विलंबामुळे हात सावरतो. दुर्दैवाने, सहज लपवता येणारे हे शस्त्र दहशतवाद्यांनाही भावले. इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांच्या 1978 मधील हत्येत ते वापरले गेले. त्याच काळात इटलीतल्या बेरेटा कंपनीने 93आर पिस्तुलाला दुसऱ्या हातासाठी घडीची पकड दिली आणि चाप एकदा ओढल्यावर तीनच गोळ्या सुटतील अशी मर्यादाही घातली.

या प्रवासात पुण्याचाही वाटा आहे. पाषाणची ‘एआरडीई’ ही संस्था आणि महूचे इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून ‘अस्मी’ हे पहिले देशी मशीन पिस्तूल चार महिन्यांत घडवले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचे हे काम जानेवारी 2021 मध्ये जाहीर झाले. वरचा सांगाडा विमानासाठीच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे काही भाग तर धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. रणगाड्यातल्या, वाहनातल्या जवानाला रायफल बाळगणे अवघड जाते, त्याच्यासाठी हे शस्त्र सोयीचे. 2024 मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडसाठी 550 ‘अस्मी’ घेण्यात आली. ती हैदराबादच्या लोकेश मशीन्सने बनवली.