दोन बुलेटचं एक इंजिन

जुन्या लोखंडी बुलेटच्या ३५० सीसी इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांमुळे उभ्या गाडीचे ठोके कानाने मोजता येतात. याच ठोक्यावर जीव जडलेल्या अनिकेत वर्धन या भारतीय डिझायनरने अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात, बुलेटचे दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे, म्हणजे व्ही-ट्विन पद्धतीने, एका इंजिनावर बसवले. त्याने नाव ठेवलं मस्केट. आधी दोन ३५०चं मिळून जवळपास ७०० सीसीचं इंजिन झालं, पुढे दोन ५००चं मिळून ९९८ सीसीचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. सिलिंडर, हेड, पिस्टन, व्हॉल्व्ह बाजारात मिळतात, तेही स्वस्त. पण हे सगळं जिच्यावर उभं राहतं ती क्रँककेस कुठल्याच दुकानात नसते, कारण बुलेटचं असं इंजिन रॉयल एनफील्ड कंपनीने कधी काढलेलंच नाही. खरं काम तिथेच आहे. वर्धनने तिचे लाकडी पॅटर्न स्वतःच्या हाताने घडवले आणि त्यांवरून वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियमचं ओतकाम करून घेतलं. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा धरावा लागतो. जिथे मशिनिंग होणार तिथे वाढीव जाडी ठेवायची, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा. मग बेअरिंगची घरं, दुसऱ्या सिलिंडरच्या पुशरॉडसाठी कॅमची जुळणी, तेलाच्या वाटा. यातलं एक माप चुकलं की अख्खं ओतकाम भंगारात जातं. मोठ्या कारखान्यात हे काम अनेक विभागांत वाटलेलं असतं. एका माणसाने ते पेलावं, याचं मला अश्वशक्तीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त कौतुक वाटतं.

दोन सिलिंडरमध्ये कोन किती ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. ९० अंश ठेवले तर पिस्टनच्या वरखाली होण्याने बसणारा मुख्य हादरा फ्लायव्हीलवरच्या वजनाने जवळजवळ पुरता शमवता येतो. डुकाटीची व्ही-ट्विन इंजिनं त्याच कोनाची असतात. पण असं इंजिन लांबलचक होतं आणि बुलेटच्या टाकीखाली तेवढी जागा नाही. म्हणून मस्केटचा कोन ५९ अंश. थोडा हादरा पदरात घ्यायचा आणि गाडीची ठेवण राखायची, असा हा सौदा आहे. एकाच क्रँकपिनवर असा कोन असला की दोन स्फोटांतलं अंतर सारखं राहत नाही. एकदा क्रँक ३०१ अंश फिरल्यावर ठोका पडतो, पुढचा ४१९ अंशांनी. व्ही-ट्विनचा तो अडखळत, लंगडत येणारा आवाज याच फरकातून येतो. शिवाय मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो. त्याला वारा कमी मिळतो, तो जास्त तापतो.

या कल्पनेला थोर पूर्वज आहे. १९३६ साली इंग्लंडमधल्या व्हिन्सेंट कारखान्यात फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरला ५०० सीसी इंजिनाची दोन रेखाटनं एकमेकांवर तिरपी पडलेली दिसली आणि त्यातून व्हिन्सेंट रॅपिड जन्माला आली, असं सांगतात. व्हिन्सेंटच्या त्या सिलिंडरचं माप ८४ बाय ९० मिलिमीटर. बुलेट ५००चंही नेमकं तेच. म्हणून रॅपिडही ९९८ सीसीची आणि मोठं मस्केटही ९९८ सीसीचंच. हा जुळलेला आकडा मला फार आवडतो.

आयर्विंगच्याच देशातल्या पॉल कारबेरीनेही बुलेटचा व्ही-ट्विन केला, १००० सीसी, ५५ अंशांचा. त्याच्या इंजिनाची आखणी इयन ड्राइस्डेलची. हा मेलबर्नचा ड्राइस्डेल म्हणजे चक्क आठ सिलिंडरच्या मोटारसायकली बांधणारा माणूस! पुढे कारबेरीने आपलं काम छत्तीसगडमध्ये, भिलाईला आणलं. २०१८ मध्ये त्याच्या डबल बॅरल गाडीची किंमत सात लाखांच्या वर होती. त्याच वर्षी खुद्द रॉयल एनफील्डची दोन सिलिंडरची ६५० सीसी गाडी भारतात अडीच लाखांना आली. रोजच्या वापराला कुठली घ्यावी, याबद्दल वादच नाही. कंपनीचीच घ्यावी. हाताने बांधलेलं इंजिन किमतीत तिची बरोबरी करू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. एखादं यंत्र आतून किती समजलं आहे याची परीक्षा मात्र असंच इंजिन घेतं.

ही परीक्षा द्यायला महाराष्ट्रात माणसं नाहीत असं कोण म्हणेल? कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये पॅटर्न, कोअर, ओतकाम, मशिनिंग हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. उद्यमनगरच्या गल्ल्यांत क्रँककेस ओतण्याचं ज्ञान आहे आणि बुलेटवर प्रेम करणारी तरुण पोरंही याच गावात आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी या दोघांची गाठ घालून द्यावी. आणि ज्यांच्या गोठ्यात जुनं लोखंडी बुलेट इंजिन गंजत पडलं आहे, त्यांनी ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये.