दोन सेकंदकाट्यांचे घड्याळ

शर्यतीतील पहिल्या व दुसऱ्या धावपटूची वेळ एकाच घड्याळावर टिपावयाची म्हटली, की साध्या क्रोनोग्राफची मोठी पंचाईत होते. कारण पहिल्यासाठी काटा थांबवावा तर दुसऱ्याची वेळ हातची जाते, आणि न थांबवावा तर पहिल्याचीही धड नोंद होत नाही. या पेचावर घड्याळजींनी योजलेला उपाय म्हणजे एकावर एक बसविलेल्या दोन सेकंदकाट्यांचा क्रोनोग्राफ, ज्याला फ्रेंच कारागीर 'रात्रापांत' म्हणतात. पहिले बटण दाबताच दोन्ही काटे असे जोडीने निघतात, की पाहणाऱ्यास एकच काटा दिसावा. दुसरे दाबताच त्यांतील एक जागीच थबकतो आणि दुसरा चालत राहतो. आणि वेळ टिपून तेच बटण पुन्हा दाबले, की थबकलेला काटा झेपेसरशी आपल्या जोडीदारास गाठतो.

ही कल्पना मनगटी घड्याळाहून पुष्कळ जुनी आहे. जन्माने ऑस्ट्रियन, पण पॅरिसमध्ये स्थायिक झालेला जोसेफ विनर्ल याने 1831 मध्ये थांबून पुन्हा वेळ गाठणारा काटा सिद्ध केला आणि 1838 मध्ये त्याला दुसऱ्या काट्याची जोड दिली. पुढे ही करामत खिशातील घड्याळांत रुळली. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ओमेगा कंपनीने अशी 30 घड्याळे पुरविली होती आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ दाखवीत. तरीही शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत टोलन व मेटकाफ या दोघांच्याही नावे 10.3 सेकंदांचीच नोंद झाली आणि विजेता ठरविण्यास छायाचित्रणाचा आधार घ्यावा लागला.

तत्पूर्वीच, 1923 मध्ये, जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने हे यंत्र मनगटावर आणले होते. त्यातील अडचण ध्यानी येण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावले पाहिजे. क्रोनोग्राफच्या मधल्या चाकाचा आस पोकळ असून त्यातून दुसऱ्या काट्याचा बारीक आस आरपार जातो; पहिल्या चाकावर हृदयाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो आणि दुसऱ्या चाकावरील तरफ नाजूक कमानीच्या जोराने, माणकाच्या चिमुकल्या रुळासह, त्या तुकड्याच्या खाचेत टेकलेली असते. बटण दाबले की पोलादी चिमटा दुसरे चाक दोन्ही बाजूंनी पकडतो. चिमटा सुटताच रूळ घसरत त्या खाचेत येतो आणि काटा ठिकाणावर पोचतो. मात्र काटा थांबलेला असताना फिरता तुकडा रुळाशी घासत राहतो, त्या घर्षणाचा भार अखेर घड्याळाची लय राखणाऱ्या तोलचक्रावर पडून त्याचा झोका घटतो आणि घड्याळाच्या अचूकपणास बाध येतो. म्हणून उत्तम घड्याळांत हा रूळ तुकड्यापासून अलग उचलून धरणारी आणखी एक योजना करावी लागते.

एक उणीव तरीही उरते. मिनिटे मोजणारा काटा एकच असल्याने दोन नोंदींतील अंतर मिनिटाहून अधिक झाले, की हिशेब वेळ मोजणाऱ्याला स्वतः ठेवावा लागतो. जर्मनीच्या ए. लांगे उंड झोने या कंपनीने 2004 मध्ये मिनिटकाट्यासही जोडीदार देऊन आणि 2018 मध्ये तासकाट्यासही देऊन ही उणीव भरून काढली. याउलट घड्याळजी रिखार्ड हाब्रिंग याने आयडब्ल्यूसी कंपनीसाठी, सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हालझू 7750 या यंत्राच्या पायावर, 1992 मध्ये साधी व टिकाऊ रचना बसवून हे कसब तुलनेने आवाक्यात आणले.

निव्वळ कालमापनात आज कोणतेही इलेक्ट्रॉनिक घड्याळ या यंत्रास सहज मागे टाकील. परंतु एका निमिषाच्या झेपेसाठी खर्ची पडलेले एवढे कौशल्य डोळ्यांदेखत चालताना पाहणे, हेच त्याचे खरे आकर्षण आहे. असे जुने घड्याळ घेऊ पाहणाऱ्याने सोन्याच्या वजनास भुलू नये. काटा अनेकदा थांबवून सोडावा, आणि दोन्ही काटे दर वेळी तंतोतंत एकावर एक येत नसतील, तर व्यवहार करण्यापूर्वी ते जाणत्या कारागिरास अवश्य दाखवावे.