टाळ्यांचे मोल

आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावात यात्रा ठरली, की पंचमंडळी सुपारी द्यायला निघतात ती जुन्नरच्या नारायणगावाकडे. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, बोलणी होतात, विसार दिला जातो. या तमाशापंढरीची सम्राज्ञी म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड हीच विठाबाईंची शाळा. लावणी, गवळण, वग यांत गळा आणि पाय सारखेच तयार झाले.

ऐन खेळात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्या माउलीला खेळ थांबविण्याची मुभा का नव्हती, हे कोणी विचारीत नाही. सुपारी घेतली, की खेळ झालाच पाहिजे. साऱ्या फडाची चूल त्यावर पेटते!

१९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींचा सन्मान लाभला. तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा चालविली.

शाहिरी वाङ्मय शिकविताना रामजोशी, होनाजी यांची नावे आम्ही प्राध्यापक आदराने घेतो. ज्यांनी ती कला बोर्डावर जिवंत ठेवली, त्यांनाही तोच आदर, आणि तोही हयातीत, मिळायला नको का?