गूळ आंबटपणा मारत नाही, झाकतो



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी वाचता. या वेळी उसाचा विषय शेतातून थेट चुलीवर नेत आहे. विषय आहे चिंच-गुळाच्या आमटीचा. वाचून झाल्यावर अंक घरातल्या मंडळींच्या हाती जरूर द्यावा.

चिंच आणि वड यांच्या झाडांवरून चिंचवड हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. या गावाची आसपासच्या गावांसह १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. कारखानदारीमुळे कोकण, खानदेश, मराठवाडा, कोल्हापूर, साऱ्या भागांतली माणसे इथे आली. एका घरात आमटीला आमसूल, शेजारी चिंच, तिसरीकडे टोमॅटो. पण आमटी बिघडली की तक्रार मात्र सगळीकडे एकच असते: "आंबट झाली, गूळ टाका." मग गोड झाली की चिंच टाका. असे करता करता पातेले भरते आणि चव हरवते.

इथे आपल्या साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. ताज्या उसाचा रस थोडा आम्ल असतो. त्याचा सामू साधारण ५ ते ५.५ असतो. तो तसाच तापवला तर साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. म्हणून रसात चुन्याचे दूध घालतात, गंधकाचा धूर देतात आणि सामू ७ च्या जवळ आणतात. चुना आम्लाशी संयोग पावून त्याला खरोखर निष्प्रभ करतो.

आमटीत गूळ हे काम करीत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, आमसुलात हायड्रॉक्सिसिट्रिक, टोमॅटोत सायट्रिक. वर कितीही गूळ घातला तरी आम्ल जेवढे होते जवळपास तेवढेच राहते. गोडीमुळे जिभेला आंबट कमी लागते आणि आंबटामुळे गोड कमी लागते, एवढेच. म्हणजे जीभ फसते, पोट फसत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी "गोड आमटी आहे, चालेल" असे समजू नये.

याच्या उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या घरी आमटीतला गूळ कमी करायला सांगितले जाते. गूळ कमी केला आणि चिंच तेवढीच ठेवली, की आमटी तोंडात धरवत नाही. चार दिवसांत गूळ परत येतो. म्हणून गूळ कमी करायचा असेल तर आधी चिंच कमी करा. दोन्ही निम्मी केली तर तोल टिकतो, जेवणाराही कुरकुरत नाही. साखरेऐवजी गूळ चालतो, हाही समज काढून टाकावा. गूळही मुख्यतः साखरच आहे. आपण ऊस पिकवतो म्हणून हे लपवण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृती. अर्धी वाटी तूरडाळ असेल तर सुपारीएवढी चिंच आणि तेवढाच गूळ घेऊन सुरुवात करावी. पुढील क्रम पाळावा:

१. डाळ पूर्ण शिजल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. आधी घातला तर आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही आणि जळण वाया जाते.

२. कोळ एकदम ओतू नये. जुनी काळी चिंच आणि नवी तांबूस चिंच सारखी नसते. थोडा घालून उकळी येऊ द्यावी, मग चाखावे.

३. नंतर मीठ घालावे, गूळ सर्वांत शेवटी. बेताच्या मिठाने गोडी उठून दिसते, त्यामुळे गूळ कमी लागतो.

४. चव पळीतून वाटीत काढून, जरा निवल्यावर पाहावी. उकळत्या आमटीने जीभ भाजली की काहीच कळत नाही.

आमटी आंबट झालीच तर आधी थोडी शिजलेली डाळ आणि गरम पाणी वाढवावे. तेवढ्याने आंबटपणा खरोखर पातळ होतो. गुळाचा खडा त्यानंतर. चिमूटभर खाण्याचा सोडा चुन्यासारखे काम करील खरे, पण आमटीला साबणासारखी चव येते. त्या वाटेला जाऊ नये. आणि एक सांगायचे म्हणजे, आंबट आमटी बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात करू नये.

शेवटी गुळाविषयी. बाजारातल्या पिवळ्याधमक रंगावर भुलू नये. हायड्रोस घालूनही तसा रंग आणता येतो. रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढलेला गूळ थोडा गडद दिसला तरी चालेल. ऊस तोडल्यावर पडून राहिला तर साखर फुटते आणि गूळ चिकट, मऊ होतो. पाणी जास्त देऊन खारवट झालेल्या जमिनीतल्या उसाचा गूळही खारट लागतो. असा गूळ घरी असेल तर आमटीत मीठ हात राखून घालावे, आणि पुढच्या लागणीपूर्वी त्या रानातले माती-पाणी तपासून चराची व्यवस्था करावी. शेतातला दोष असा थेट ताटात येतो.

होळीच्या सुमारास गुऱ्हाळाचा गूळ घरात असतो, झाडावरची चिंचही नवी उतरते, आणि पुरणाबरोबर कटाची आमटी होतेच. यंदा ती करताना चिंच आधी, गूळ शेवटी, आणि दोन्ही मोजून, एवढे लक्षात ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी