वजनकाट्यावरचा तास

दिवाळीच्या आगेमागे हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या लागतात. वेचाई सुरू झालेली असते, जिनिंगचे रेचे फिरू लागतात आणि त्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. वर्धा जिल्ह्यातल्या नववी-दहावीच्या कितीतरी मुलामुलींनी आईबरोबर वावरात कापूस वेचलेला असतो. पण तो जिनिंगच्या फाटकातून आत गेल्यावर त्याचं काय होतं, त्याची प्रत कोण आणि कशावरून ठरवतं, तिथं कोणकोणती माणसं कोणती कामं करतात, हे त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. पुढं दहावीचा निकाल लागतो आणि याच मुलांना घरीदारी विचारलं जातं, "आता काय करणार?" कामाची एकही जागा आतून न पाहिलेल्या मुलानं काय सांगावं? मग त्याच्या वतीनं टक्केच उत्तर देतात. जास्त पडले तर विज्ञान, मध्यम पडले तर वाणिज्य, कमी पडले तर कला किंवा आयटीआय.

मुलांना दहावीच्या आतच खऱ्या कामाच्या जागी काही दिवस पाठवावं, त्यांच्या हातून काम करवून घ्यावं आणि मग वाट निवडू द्यावी, हा विचार हल्ली नव्या धोरणांतून मांडला जातो. त्याचं मूळ मात्र याच जिल्ह्यात आहे.

दोन दिवसांची परिषद

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती आणि त्यांचे शिक्षणमंत्री इथं जमले होते. डॉ. झाकीर हुसेन, विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, अर्थतज्ज्ञ के. टी. शाह असे अनेकजण हजर होते. परिषदेनं ठराव केले ते असे: सात वर्षांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं, ते मातृभाषेतून द्यावं, त्याच्या मध्यभागी हातानं करायचा एखादा उत्पादक उद्योग असावा आणि त्यातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा.

अभ्यासक्रम आखायला झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं दीड महिन्याच्या आत, 2 डिसेंबरला, अहवाल दिला. त्यातलं वेळापत्रक आजही चकित करतं. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटं, मातृभाषेला 40 मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला 30, व्यायामाला 10 आणि मधल्या सुट्टीला 10 मिनिटं.

एवढा वेळ हातकामात गेला तर मूल शिकणार कधी, ही शंका तेव्हाही आली. तिचं उत्तर 'समवाय' या शब्दात होतं. उद्योग हा वेगळा विषय नव्हे. इतर विषय त्याच्या अंगानं शिकवायचे. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. आज किती तारा निघाल्या, किती तुटल्या, किती पेळू लागले, सूत किती नंबरचं आलं, हे मोजताना गुणाकार, भागाकार, सरासरी आणि प्रमाण सगळं येतं. सूत वारंवार का तुटतं, हे शोधताना कापसाचा धागा कळतो, धाग्यावरून जमीन आणि पाऊस कळतो. हा कापूस मँचेस्टरला का जात होता, हे विचारलं की इतिहास सुरू होतो.

1938 मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी आर्यनायकम या दांपत्यानं सेवाग्रामात हे काम उभं केलं. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभारकाम करणारे देवीप्रसाद 1944 पासून तिथं मुलांना कला शिकवत होते. 1945 साली सेवाग्रामच्या परिषदेत या उद्योगाधारित शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, विस्तार ठरला. सात वर्षांच्या आतली मुलं, सात ते चौदा, चौदा ते अठरा आणि प्रौढ, अशा चार पायऱ्या आखल्या गेल्या. त्यातली चौदा ते अठराची 'उत्तर बुनियादी' पायरी म्हणजे आपली आजची नववी ते बारावी. या वयात मुलानं शेतात, गोशाळेत, कार्यशाळेत खरी जबाबदारी घ्यावी आणि आपल्या श्रमातून आपला खर्च भागवावा, अशी ती कल्पना होती.

ती का टिकली नाही

या प्रयोगाची वाखाणणी करताना त्याच्या अडचणी झाकू नयेत. मुलांच्या श्रमातून पगार काढण्याच्या कल्पनेवर के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली होती. शिक्षक शिकवण्याऐवजी मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसून घेतील, हा धोका खुद्द झाकीर हुसेन समितीनंही नोंदवला होता. पुढं सरकारी शाळांत टकळी आली, समवाय आला नाही. शिक्षकांची तशी तयारीच झाली नव्हती. शहरातल्या इंग्रजी शाळा होत्या तशाच राहिल्या. हातकाम खेड्यातल्या मुलांना आणि पुस्तक शहरातल्यांना, अशी वाटणी झाली. ज्या जातींच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या हातकामच लादलं गेलं होतं, त्या घरांनी मुलाला शाळेत पुन्हा तेच देऊ नका म्हटलं, यात त्यांची चूक नव्हती. तालीमी संघ 1959 मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. शाळांत उरला तो 'कार्यानुभव', आठवड्यातला एक तास, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जाणारा.

बीज मात्र मेलं नाही. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात 2005 मध्ये नई तालीमची शाळा 'आनंद निकेतन' या नावानं पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, कताई, सफाई यांतून तिथं मराठी माध्यमात शिक्षण चालतं. त्याच गावातल्या, 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर होऊ पाहणारे विद्यार्थी पहिल्या वर्षी पंधरा दिवस आश्रमात राहतात आणि त्यांची तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला गाव आधी दाखवावं लागतं, तर नववीतल्या मुलाला कामाचं जग का दाखवू नये?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातली नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञानं आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस हातकामाला मागितला. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार भाग त्यांनी पाडले. यात एक मोलाची अट होती: शिकलेलं कौशल्य गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. मुलं माती तपासतात, वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, रक्तगट पाहायला शिकतात. चूक झाली तर ती पुस्तकात लपत नाही, फाटक वाकडं लागतं.

इतरत्र काय चालतं

जर्मनीत आठवी ते दहावीच्या दरम्यान मुलं दोन-तीन आठवडे एखाद्या कारखान्यात, दुकानात किंवा दवाखान्यात जातात. जपानच्या ह्योगो प्रांतात 1998 पासून तेरा-चौदा वर्षांची मुलं शाळेचे पाच दिवस गावातल्या कामाच्या जागी घालवतात. बेकरीत, पाळणाघरात, अग्निशमन केंद्रात. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम करण्याची तरतूद सांगितली आणि बारावीपर्यंत, सुट्टीतही, अशा संधी असाव्यात असं म्हटलं. समग्र शिक्षा योजनेत काही शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आहेत. एमसीव्हीसी या व्यवसाय अभ्यासक्रमाच्या अकरावी-बारावीत प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण पूर्वीपासूनच होतं. म्हणजे कागद तयार आहे. उणीव आहे ती मुलांना आत घेणाऱ्या दारांची.

वर्ध्यात कुठं जाता येईल

पहिलं दार जिनिंगचं. मुलांना रेच्याजवळ मुळीच नेऊ नये. बसवायचं वजनकाट्याशी आणि प्रत पाहणाऱ्या माणसाशेजारी. चिमटीत धागा धरून तो लांबी कशी पाहतो, ओलावा कसा तपासतो, हे बघायचं. मग हिशेब. एका क्विंटल कापसातून 34 किलो रुई निघाली तर 170 किलोची एक गाठ बांधायला बरोबर पाच क्विंटल कापूस लागतो. उतारा 33 वर आला तर त्याच गाठीला 15 किलो कापूस जास्त लागतो. बापाच्या कापसाला भाव कमी का लागला, याचं एक कारण मुलीला इथं आकड्यात दिसतं. सरकी तेलघाणीला जाते, ढेप गुरांना. या एका जागेत तिला प्रतवारी करणारा, यंत्रं दुरुस्त करणारा, हिशेबनीस, व्यापारी आणि वाहतूकदार भेटतात. टक्केवारी शाळेत शिकलेली असते. ती कुणाच्या पोटाशी कशी भिडते, ते इथं कळतं.

अशी दारं पुष्कळ आहेत. समुद्रपूर तालुक्यात भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद आहे, कारंजा-आर्वीकडे संत्र्याच्या बागा आणि गवळाऊ गायी आहेत. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, 1938 पासूनचं. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प. गावोगावी ट्रॅक्टरचं गॅरेज, शिवणाचं दुकान, पतसंस्था, औषधाचं दुकान तर असतंच.

काही पथ्यं मात्र पाळलीच पाहिजेत. हे शिक्षण आहे, फुकटची मजुरी नव्हे. म्हणून दिवस मोजके, तास ठरलेले, धोक्याच्या कामाला साफ मनाई, पालकांची लेखी संमती आणि शिक्षकाची रोजची भेट. मुलांनी रोजनिशी लिहावी आणि परत आल्यावर वर्गापुढं बोलावं. सगळ्यात महत्त्वाचं, घरच्या धंद्यातच मुलाला पाठवू नये. शेतमजुराची मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जावी, डॉक्टरचा मुलगा गोठ्यात, आणि गॅरेजमध्ये मुलीही असाव्यात. जात आणि लिंग पाहून कामं वाटली तर आपण जुनीच चूक पुन्हा करू.

पाच दिवसांत कुणाचं आयुष्य ठरत नाही, ठरूही नये. 'हे मला जमणार नाही' एवढं पक्कं कळलं तरी पालकांचे पैसे आणि मुलाची दोन वर्षं वाचतात. आणि एखाद्या मुलाचे डोळे एखाद्या कामावर थबकतात, तेव्हा पुस्तकातल्या धड्यालाही त्याच्यासाठी कारण मिळतं.

म्हणून हा अंक हाती असलेल्या प्रत्येकाला एक विनंती. तुमचं दुकान असेल, दवाखाना असेल, बाग असेल, कार्यालय असेल, तर सुट्टी संपून शाळा उघडल्यावर जवळच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा आणि सांगा, "आमच्याकडे पाच दिवस दोन मुलं पाठवा, आम्ही शिकवू." सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.